टॉर्चवाल्या काकाची भीती घालू नका

सुप्याच्या, वाडेगव्हाणच्या, पारनेरच्या आई-बाबांनो, रविवारी तुम्ही पोरांना घेऊन नगरला सिनेमाला येता, तेव्हा दारात तिकीट बघायला एक माणूस उभा असतो. मी त्यातलाच. राहायला सुप्यात, कामाला नगरमध्ये. कागदोपत्री ते आता अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ओरडतात. तिकीट बघायचं, अंधारात टॉर्च धरून खुर्ची दाखवायची, इंटरव्हलला गर्दी वाटेला लावायची आणि शो सुटला की रांगारांगांतून फिरून कोणाचं काय राहिलंय ते बघायचं, असं आमचं काम. राहिलेल्यात चार्जर असतो, ओढणी असते, दुधाची बाटली असते, एका पायातला छोटा बूट असतो. आणि अधूनमधून लेकरूही असतं.

हसू नका. दोन घरची माणसं दोन गाड्या करून येतात. सिनेमा सुटल्यावर याला वाटतं पोरगं त्या गाडीत बसलं, त्याला वाटतं या गाडीत. पोरगं मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेलं. गाड्या कामरगावच्या पुढे गेल्यावर कोणीतरी विचारतं, ‘बारकं कुठंय?’ मग फोनाफोनी. असं झोपलेलं लेकरू सापडलं तर आम्हाला काहीच जड जात नाही. खरी कसरत जागं, भुकेलं आणि कंटाळलेलं पोरगं सापडतं तेव्हा असते. त्याबद्दलच आज जरा मोकळेपणाने बोलावं म्हणतो. तिकीट बघताना बोलायला सवड नसते आणि सिनेमा सुटल्यावर तुम्ही थांबत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘लहान मुलं घरी ठेवून या’ असं सांगायला मी आलेलो नाही. एमआयडीसी वाढली तशी आमच्या सुप्यात खोल्या करून राहणारी तरुण जोडपी वाढली. कोणी बीडचं, कोणी लातूरचं, कोणी पार बिहारचं. नवरा शिफ्टला जातो, बायको दिवसभर एका खोलीत लेकराबरोबर, सासू नाहीतर आई शेकडो किलोमीटरवर. डोंगरावरच्या पवनचक्क्या बघून झाल्या, हायवेवरच्या हॉटेलातली मिसळ खाऊन झाली, की महिन्यातून एखादा सिनेमा एवढीच काय ती चैन. अशांना ‘पोराला घरी ठेवून या’ म्हणणारा माणूस एक तर बिनलग्नाचा असतो, नाहीतर त्याची आई घरी असते. तुम्ही या, लेकरांना घेऊनच या. फक्त लेकरू आत आल्यावर त्याचं काय होतं, ते एकदा आमच्या जागेवरून बघा.

थिएटरची खुर्ची आधी बघा. बसायची बाजू आपोआप वर उचललेली राहते. मोठा माणूस बसला की दबते. चार वर्षांच्या लेकराचं वजन तिला पुरत नाही. ते टेकतं, खुर्ची वर उचलते, आणि लेकरू कमरेत दुमडून मध्ये अडकतं. पाय समोर, गुडघे नाकाशी. वर समोरच्याच्या डोक्याआड पडदा अर्धा झाकलेला. पहिली दहा-पंधरा मिनिटं पॉपकॉर्नच्या भरवशावर निघतात. पुडा संपला की लेकरू उभं राहतं, मग खुर्चीवर चढतं, मग पुढच्या खुर्चीला पाय लावतं. पुढचा माणूस मागे वळून बघतो. आई दंडाला धरून खाली ओढते. खुर्ची पुन्हा मिटते. अशा वेळी ते पोरगं द्वाड वाटतं खरं, पण तुम्हाला तीन तास तसं दुमडून ठेवलं असतं तर तुम्हीही काही कमी केलं नसतं. काही मल्टिप्लेक्समध्ये लहान मुलांसाठी उंच गादी ठेवलेली असते. दारात विचारा, मागा. ती मिळाली तर निम्मा दंगा तिथंच मिटतो.

यानंतर लेकरू खाली उतरतं ते थेट पायऱ्यांवर. पायऱ्यांच्या कडेला बारीक दिव्यांची पट्टी असते. मोठ्यांना ती पाय कुठं ठेवायचा हे सांगते, पोरांना ती शर्यतीची रेघ वाटते. वरून खाली पडद्यापर्यंत, खालून वर. पायऱ्यांवर सांडलेला पॉपकॉर्न असतो, त्यावरून बूट सटकतो, आणि पडलं की कपाळ नेमकं पायरीच्या कडेवर आपटतं. अशा वेळी आख्ख्या थिएटरला प्रश्न पडतो, पोरगं कोणाचं? आम्हाला तो पडत नाही. सगळं थिएटर त्या पोराकडे बघत असतं आणि दोनच माणसं अगदी एकाग्र होऊन पडद्याकडे बघत असतात. तेच आई-बाप.

थोडाफार दंगा मी मनावर घेत नाही. २०१६ साली ‘सैराट’ लागला तेव्हा गाणं सुरू झालं की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा खुर्चीतून उठून नाचली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. गाणं संपलं की सगळे आपापल्या जागी. सिनेमा बघताना आवाज होणारच, आपली माणसं काही देवळात बसल्यासारखी बसत नाहीत. पण दंगा वेगळा आणि धोका वेगळा. धोका कुठं असतो ते सांगतो, कारण तो खुर्चीत बसून दिसत नाही.

पडद्याच्या बाजूला आणि मागच्या भिंतीला हिरव्या दिव्याची दारं असतात. त्यांना आडवा दांडा असतो. तो दाबला की दार बाहेर उघडतं, मागे जिना, जिन्याखाली पार्किंग. शो चालू असताना या दारांना आम्ही कुलूप लावू शकत नाही. लावलं तर काय होतं ते दिल्लीत दिसलं. १३ जून १९९७ ला उपहार थिएटरमध्ये ‘बॉर्डर’ चालू असताना आग लागली. बाल्कनीतली वाट जादा खुर्च्या लावून अडवलेली होती, दारं बंद होती. धुराने गुदमरून ५९ माणसं गेली. त्यामुळे दार उघडंच राहणार, आणि ते उघडं राहतं म्हणून लेकरूही त्यातून जाऊ शकतं. दांडा त्याच्या हाताच्या उंचीवरच येतो, दाबायला मजा वाटते. दार त्याच्या मागे मिटतं आणि बाहेरच्या बाजूने बहुतेक वेळा उघडतच नाही. आतल्या आवाजात त्याने दारावर मारलेल्या थापा कोणालाही ऐकू येत नाहीत. माझं लक्ष त्या दारांवर असतं, पण मी एक आणि दारं चार, शिवाय उशिरा आलेल्यांना खुर्च्या दाखवायच्या असतात. खुर्ची घेताना या दाराजवळची घेऊ नका, एवढं तुम्ही केलंत तरी माझा जीव निम्मा भांड्यात पडेल.

लेकरं हरवतात ती मात्र बहुतेक इंटरव्हललाच. एकदम दिवे लागतात, तीनचारशे माणसं एकाच दाराने बाहेर येतात, अर्धी समोशाकडे, अर्धी बाथरूमकडे. मल्टिप्लेक्सची सगळी दारं सारखी, गालिचा सारखा, भिंतीही सारख्याच. पोरगं बाथरूममधून बाहेर येतं आणि समोर दिसेल त्या दारात शिरतं. आत अंधार, रांगा तशाच. ते आपल्या अंदाजाने वरच्या रांगेत चढतं, आणि तिथं अनोळखी माणसं बसलेली असतात. पडद्यावरही दुसराच सिनेमा. मोठ्या माणसाला हसू येईल, पण पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्याचे आई-बाप बदललेले असतात. म्हणून आत शिरताना त्याला दोनच गोष्टी शिकवा. आपला पडदा कितवा, आपली रांग कोणत्या अक्षराची. मोठ्या गटातली पोरं हे पटकन पाठ करतात आणि मग तेच मला ऐकवतात, ‘काका, आम्ही तीन नंबर, एच!’ त्याहून लहान असेल तर खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. बापाचा आणि आईचा असे दोन्ही नंबर लिहा, कारण सिनेमात बापाचा फोन सायलेंटवर असतो आणि आईचा पर्समध्ये.

आता ज्यासाठी हे सगळं मांडलंय त्या मुद्द्याकडे येतो.

दारात तिकीट बघताना माझ्याकडे बोट दाखवून किती आया म्हणतात, ‘बघ हं, नीट बसला नाहीस तर या काकाकडे देईन!’ कोणी म्हणतं, ‘ते काका पोतं घेऊन येतात.’ कोणी मला डोळा मारून सांगतं, ‘दादा, जरा डोळे मोठे करा ना.’ लेकरू माझ्याकडे बघतं, माझ्या हातातल्या टॉर्चकडे बघतं आणि आईच्या साडीत तोंड लपवतं. सगळे हसतात. पाचेक मिनिटं ते गपगुमान बसतंही.

मग इंटरव्हलला काय होतं ते बघा. बाप समोशाच्या रांगेत, आई तान्ह्याला घेऊन बाथरूममध्ये, आणि थोरला पाचेक वर्षांचा मुलगा एकाएकी नाहीसा. आरडाओरडा झाला. आम्ही तिघे-चौघे कामाला लागलो. मला तो सापडला पुढे लागणाऱ्या सिनेमाच्या पुठ्ठ्याच्या मोठ्या चित्रामागे. हीरोच्या बुटांच्या मधल्या फटीतून त्याची चप्पल दिसत होती. मी वाकून म्हणालो, ‘बाळा, चल, आई बघ रडतेय.’ तो आणखी आत सरकला. मी टॉर्च विझवली, तरी हलेना. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्या त्याच्याकडे बघेचनात. त्याच्याकडे पाठ करून खाली बसल्या आणि एकेक पॉपकॉर्न वेचून सुपलीत टाकायला लागल्या, तोंडाने पुटपुटत, ‘किती सांडलंय गं बाई, कोण मदत करणार मला?’ थोड्या वेळाने एक छोटा हात बाहेर आला आणि एक दाणा सुपलीत पडला. मग दुसरा. आईच्या कडेवर गेल्यावर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हाच तो पोत्यातला काका.’

आई ओशाळली. मी काही बोललो नाही. पण तुम्हीच विचार करा. त्या पूर्ण इमारतीत लेकरू हरवलं तर ज्याच्याकडे त्याने जावं असा एकच माणूस आहे, गणवेशातला, टॉर्चवाला. आणि नेमकी त्याचीच भीती तुम्ही घरून निघाल्यापासून त्याच्या मनात घातलेली. मग ते आमच्यापासून लपणार, आणि कोणाच्या तरी मागे पळत जिन्याने खाली जाणार. पोलिसाची भीती घालू नका, डॉक्टरची घालू नका, तशी टॉर्चवाल्याचीही नको. त्याऐवजी दारात थांबून एवढंच सांगा, ‘हे काका इथंच असतात. मी दिसले नाही तर कुठं जायचं नाही, यांच्याजवळ येऊन उभं राहायचं.’ दहा सेकंद लागतात. मागचे लोक ओरडले तर ओरडू द्या, मी बघतो त्यांच्याकडे.

आमच्या बाजूनेही एक अडचण आहे, ती तुम्हाला ठाऊक नसेल. हरवलेलं मूल दिसलं की पूर्वीचा माणूस त्याला सरळ कडेवर उचलायचा. आता मी उचलत नाही, त्याचा हातही धरत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांची डोकी आधीच तापलेली होती. तेव्हापासून परक्या मुलाचा हात धरून चालणाऱ्या गड्याकडे लोक कसे बघतात हे मला कळतं. त्यामुळे मी पुढे टॉर्च मारत चालतो, लेकरू उजेडामागे येतं, आणि शक्यतो मावशींना किंवा काउंटरवरच्या ताईंना सोबत घेतो. कॅमेऱ्यासमोरच उभं राहतो. कधी टॉर्च त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, ‘तूच दाखव मला, तुझी खुर्ची कुठं?’ हा उपाय फार चालतो. टॉर्च हातात आली की रडणारं पोरगंही एकदम ड्युटीवर येतं. तेव्हा तुमचं लेकरू माझी टॉर्च घेऊन तुमच्या डोळ्यांवर उजेड मारत रांगेत शिरलं तर माझ्यावर डाफरू नका.

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रकमधून मशीन, पडदा, कनात, सगळं उतरायचं. बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, सगळे जमिनीवर. घरून घोंगडी आणायची. तिकिटाचे पैसे नसलेली पोरं कनातीखालून सरपटत आत शिरायची. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू बोलायला लागला की निम्मी पोरं घोंगडीत तोंड खुपसायची आणि उरलेली कोणाच्याही मांडीवर चढायची. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने १९९३ पासून किती लेकरांची झोप उडवली असेल, देव जाणे. या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्या तंबूतही पोरं मोकाटच असायची. पण ‘हे सुताराचं, ते माळ्याचं’ असं सगळ्यांना माहीत असायचं. आईबाप लांब असले तरी शेजारच्या म्हातारीचा डोळा असायचा. रीळ बदलताना भोंग्यावरून पुकारा व्हायचा, लाल सदऱ्याचं पोरगं मशीनजवळ उभं आहे, घेऊन जा. अर्थात तेव्हा सापडलेल्या पोराचा कानही पिळला जायचा, कोणीही पिळायचा. ती पद्धत गेली हे बरंच झालं. पण कान पिळणारे हात गेले तसे लक्ष ठेवणारे डोळेही गेले. मल्टिप्लेक्समध्ये शेजारी कोण बसलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि त्याला तुमचं पोरगं कोणतं ते ठाऊक नसतं.

मोठ्या मुलांचं दुखणं वेगळं. बारा-तेरा वर्षांच्या पाच-सहा पोरांना आई-बाप दारात सोडतात. ‘काका, जरा लक्ष असू द्या,’ म्हणतात आणि कापड बाजारात खरेदीला जातात. पोरं आत जाऊन पुढच्या खुर्चीवर पाय टाकतात, मोबाईलचा उजेड पडद्यावर मारतात, बायांच्या रांगेत पॉपकॉर्न फेकतात. बोललं तर म्हणतात, ‘तिकीट काढलंय आम्ही.’ यांच्याशी आवाज चढवून उपयोग नाही. सहा जणांत एक म्होरक्या असतो, त्याला बाजूला घेऊन त्याचं नाव विचारायचं, आडनाव विचारायचं, गाव विचारायचं. सुप्याचा निघाला तर ‘कोणाच्या घरचा रे तू?’ एवढ्यावर काम भागतं. परगावचा असेल तर त्याला म्हणायचं, ‘तुझ्या पोरांची जबाबदारी तुझी.’ त्या वयात जबाबदारी दिलेली फार आवडते. निदान इंटरव्हलपर्यंत तरी.

तरीही एखादा ऐकत नाही, बाहेर काढावं लागतं. मग बाप येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आमचं पोरगं असं करूच शकत नाही.’ दुसरं, ‘मग तुम्हाला पगार कशाचा मिळतो?’ पगार तिकीट बघण्याचा मिळतो, साहेब. आणि सिनेमा सुटून तास झाला तरी बापाचा पत्ता नसतो, पोरं लॉबीत ताटकळत असतात, तेव्हा माझी ड्युटी संपलेली असली तरी मला जाता येत नाही. लेकरू एकटं सोडून दार कसं लावायचं? मॅनेजर फोन लावत राहतो. कोणीच आलं नाही तर ११२ किंवा १०९८ ला कळवायचं असं ठरलेलं आहे. ती वेळ क्वचितच येते, कारण बाप बहुतेक वेळा पिशव्या सांभाळत धापा टाकत येतोच. तोवर माझी सुप्याची शेवटची एसटी गेलेली असते.

आता सर्टिफिकेटचं. याबाबत तुमच्यात आणि आमच्यात नेहमी वाजतं. ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला अठराखालचं मूल सोडता येत नाही, आई-बाप दोन्ही बाजूला असले तरी नाही. ‘ॲनिमल’ लागला तेव्हा लहान पोरं घेऊन आलेल्या कितीजणांना परत फिरवावं लागलं. शिव्या आम्ही खाल्ल्या. पण सोडलं असतं तर कायद्याने थिएटर अडकलं असतं. ‘यूए’चं तसं नाही. १९५२ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ‘यूए’चे तीन भाग पडले, सात वर्षांवरचे, तेरा वर्षांवरचे आणि सोळा वर्षांवरचे. पण हा आकडा पालकांना ठरवायला मदत म्हणून असतो. तो बघून मी कोणाला दारात अडवू शकत नाही. तिथं दारवान तुम्हीच.

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ लागला. त्याला सोळा वर्षांवरचं ‘यूए’ होतं. पहिल्या आठवड्यात कडेवरची, बोट धरून चालणारी, भगवे फेटे बांधलेली लेकरं आली. शेवटी संभाजी महाराजांचे हाल सुरू झाले आणि ती लेकरं हमसून हमसून रडायला लागली. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले, लोकांनी डोळे पुसत पुढे पाठवले. मुलांना इतिहास कळावा हे मलाही पटतं. आमच्या घरात महाराजांची तसबीर आहे. पण चार वर्षांच्या लेकराला साखळदंड आणि तापलेल्या सळया दिसतात, त्याला बलिदान कळत नाही. माझ्या बाजूने रडत बाहेर आलेल्या एका पोरीने आजोबांना विचारलं, ‘त्यांना बाऊ का केला?’ आजोबांनी तिला पाणी पाजलं आणि तिथंच बाकावर बसून शिवनेरीपासून गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात ती झोपली. माझ्या मते त्या वयाला तेवढा इतिहास पुष्कळ झाला.

पहिल्या दिवसाच्या गर्दीलाही लेकरं आणू नका. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरबाहेर ‘पुष्पा २’च्या खास खेळाला चेंगराचेंगरी झाली. त्यात एक आई गेली आणि तिचा लहान मुलगा जबर जखमी झाला. दुसरा आठवडा, सकाळचा खेळ, कडेची खुर्ची, हे लेकुरवाळ्यांचं तिकीट. सकाळी तिकीट बहुधा स्वस्तही असतं, लेकरू झोपून उठलेलं असतं आणि रात्री बारा वाजता मोटरसायकलवर पेंगणाऱ्या पोराला दोघांच्या मध्ये दाबून हायवेने सुप्याला जायची पाळी येत नाही.

पुण्या-मुंबईच्या काही नाट्यगृहांत मागे काचेची खोली असते. रडणारं मूल घेऊन आई तिथं बसू शकते, नाटक दिसतं, ऐकू येतं, आणि मुलाचा आवाज बाहेर जात नाही. आमच्याकडे अशी खोली नाही. आमच्याकडे लॉबीतलं बाकडं आहे. आणि त्या बाकड्याबद्दल मला फक्त बाबांशी बोलायचंय.

मूल रडायला लागलं की ते घेऊन बाहेर येते ती बाई. क्वचित आजोबा येतात. बाप आला असं फार कमी वेळा होतं, आणि आलाच तर मोबाईल घेऊन येतो. ती बाई खांद्यावर लेकरू घेऊन लॉबीत येरझाऱ्या घालते, कान दाराकडे. आतून हसण्याचा आवाज आला की थबकते. मग मला विचारते, ‘दादा, आत काय झालं हो?’ मी तो सिनेमा आठवडाभर दिवसातून चारदा ऐकतो, मला संवाद पाठ असतात. मी सांगतो. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला बायका जथ्याने आल्या. नटूनथटून, गॉगल लावून, दारात फोटो काढून. सहा बहिणींचा तो सिनेमा. त्यांच्यातल्या लेकुरवाळ्या बायांनी मात्र तोही अर्धाच पाहिला. उरलेला मी सांगितला. मंगळागौरीचा खेळ मला करून दाखवता येत नाही, तो तेवढा राहिला.

तेव्हा बाबांनो, घरून निघतानाच वाटणी करा. इंटरव्हलपर्यंत तिने लेकरू सांभाळलं असेल तर पुढचं तुम्ही सांभाळा, आणि अदलाबदल समोसे घेतानाच करून टाका. आत गेल्यावर कोणीच हलत नाही. बाकडं दारापासून चार पावलांवर आहे. पाण्याची टाकी बाजूलाच आहे, लेकराला नाचायला जागाही भरपूर आहे. आत काय चाललंय ते मी सांगत जाईन.